परीक्षकाची उपेक्षा

कोणत्याही भाषेच्या वाङ्मयाची प्रकृति ओळखावयाची असेल, तर त्या भाषेंत महाकाव्यें किती आहेत हें मोजण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारून पाहावा: ती भाषा बोलणारीं माणसें दिवसभर जें काम करितात, तें त्या भाषेंत सांगतां येतें काय? संध्याकाळीं घरीं परतलेल्या मनुष्यास आपला दिवस घरच्या माणसांपुढें मांडतां येत नसेल, तर त्याच्या भाषेचें वैभव सणावारीं नेसावयाच्या पैठणीसारखें समजावें. ती अंगावर शोभते. परंतु ती नेसून कोणी कामाला जात नाहीं.

ह्या प्रश्नास मराठीनें पूर्वीं बरें उत्तर दिलेलें आहे. शेतकरी, कारकून आणि शाळामास्तर तिच्या कथांत केव्हांच येऊन बसले. मुंबईच्या गिरणगांवाला वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ ह्या कादंबरीपासून नारायण सुर्वे ह्यांच्या कवितेपर्यंत, आणि पुढें १९८२ च्या संपानंतरची वाताहत दाखविणाऱ्या जयंत पवार ह्यांच्या ‘अधांतर’ नाटकापर्यंत, वाङ्मयांत जागा मिळाली. एवढेंच नव्हे, तर ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकानें मराठी वाचकांच्या पिढ्या घडविल्या, तें १९२० सालीं किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचें ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून जन्मास आलें होतें. नांगराचे फाळ जेथें ओतले जात, त्याच भट्टीच्या उबेंत एक वाङ्मयीन मासिक वाढलें. यंत्र आणि सरस्वती ह्यांचें हाडवैर आहे असें मानणाऱ्यांनीं एवढी गोष्ट विसरूं नये.

आज मात्र एका नव्या कामापुढें मराठी लेखणी अडखळली आहे, आणि त्या अडखळण्याचा विचार करावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. तें काम म्हणजे अर्धवाहक पदार्थांच्या, मुख्यतः सिलिकॉनच्या, चिपा तयार करणाऱ्या उद्योगांतील परीक्षकाचें. कारखान्यांत त्यास टेस्ट इंजिनियर म्हणतात.

ह्या उद्योगाविषयीं मराठींत कांहींच लिहिलें जात नाहीं असें नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्यें वेदांत व फॉक्सकॉन ह्यांचा संयुक्त प्रकल्प तळेगांवाऐवजीं गुजरातेंत जाणार असें जाहीर झालें, तेव्हां वृत्तपत्रांनीं रकानेच्या रकाने भरले. १,५४,००० कोटी रुपये हा आंकडा चहाच्या टपरीवरही पाठ झाला. जुलै २०२३ मध्यें फॉक्सकॉन त्या भागीदारींतून बाहेर पडली आणि तो गलबला शमला. पुढें सप्टेंबर २०२४ मध्यें नव्या मुंबईंत महापे येथें आर. आर. पी. इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीच्या प्रकल्पाचें उद्घाटन झालें, आणि व्यासपीठावर कोण कोण होतें तें सर्वांनीं छापलें. परंतु त्या जातीच्या कारखान्यांत चालतें काय, हें सांगण्याची तसदी फारच थोड्यांनीं घेतली. तेथें चिप कोरली जात नाहीं. अन्यत्र कोरलेली चिप तेथें कवचांत बसविली जाते आणि तपासली जाते. म्हणजे ह्या उद्योगाचें जें अंग महाराष्ट्राच्या दारीं प्रथम येऊन उभें राहिलें, त्याचें अर्धें नांवच मुळीं परीक्षा हें आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही बातम्यांनीं आम्हांस आनंद झाला. परंतु ह्या दोहोंचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे, हें कोणाच्या ध्यानांत आल्याचें दिसलें नाहीं.

वृत्तपत्रांचा हा कोटींचा सूर सोडला, तर दुसरा सूर आश्चर्याचा. चिपेवरील रेघ केसाच्या कितव्या हिश्शाएवढी बारीक असते, बोटाच्या पेराएवढ्या जागेंत किती अब्ज ट्रान्झिस्टर मावतात, हें सांगून वाचकाचे डोळे दिपविणारे लेख पुष्कळ येतात. शास्त्रीय लेखनाची मराठी परंपरा मोलाची आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचें. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. आणि जयंत नारळीकरांनीं विज्ञानकथेस जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वश्रुत आहे. परंतु ही परंपरा शोधाची कथा सांगते, कामाची सांगत नाहीं. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन ह्यांनीं ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, हें तिच्या वाचकास ठाऊक असतें. आज पहाटेच्या लोकलनें गेलेला शेजारचा मुलगा त्याच ट्रान्झिस्टराचें काय करितो, हें त्यास ठाऊक नसतें.

शेजारचा मुलगा हा केवळ अलंकार नव्हे. आम्ही खडवलीस राहतों. भातसेच्या कांठचें हें गांव मुंबईकरांना पावसाळी सहलीपुरतें माहीत आहे. परंतु येथून रोज माणसांचा एक लोंढा कल्याण-ठाण्याकडे कामाला जातो. विजेचा उलटसुलट प्रवाह एकाच दिशेस वळविणारीं अर्धवाहक साधनें करणारी ‘हिंद रेक्टिफायर्स’ ही कंपनी १९५८ पासूनची, आणि ती ह्याच लोहमार्गावर भांडुपास आहे. तेव्हां ह्या मार्गाच्या प्रवाशांस अर्धवाहक हा पदार्थ कालपरवां भेटला असेंही नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी कसाऱ्याहून येणारी लोकल खडवलीस पकडून ठाण्यास उतरतो आणि तेथून नव्या मुंबईस जातो. तो परीक्षक आहे. एका रविवारीं त्याची आई आमच्यासमक्ष म्हणाली, “सर, हा तिकडं नक्की करतो काय, ते तुम्हीच विचारा. मला सांगतो, वेफर तपासतो!”

“अगं आई, ते खायचे नव्हेत,” तो म्हणाला.

“मग तपासतोस म्हणजे काय? गाडीत टीसी तपासतो तसं?”

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हो, साधारण तसंच.”

बाई हंसल्या व चहा आणावयास गेल्या. परंतु त्या ‘साधारण तसंच’ ह्या दोन शब्दांत आम्हांस एका भाषेची शरणागति ऐकूं आली. मुलगा बुद्धिमान आहे, आई शहाणी आहे, आणि दोघांची भाषा एक आहे. असें असतां दिवसाचे दहा तास त्या घरांत अनुवादावांचून पडून राहतात. ह्याचा दोष त्या दोघांचा नव्हे. त्यांच्या भाषेंतील लेखकांनीं मधला पूल बांधलेला नाहीं.

आणि तो बांधण्यास सामग्री नाहीं असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. ती माउली जन्मभर परीक्षाच करीत आली आहे. तिनें बाजारांत मडकें वाजवून घेतलें आहे; सुपांत धान्य पाखडून पोचट दाणे वेगळे केले आहेत; शितावरून भाताची परीक्षा केली आहे. तिच्याच शब्दांत हें काम सांगतां येतें किंवा कसें, तें पाहूं.

सिलिकॉनची १२ इंच व्यासापर्यंतची एक तबकडी असते. तिलाच वेफर म्हणतात. तिजवर शेंकडों, कधीं हजारों, चिपा शेजारीं शेजारीं कोरलेल्या असतात. तबकडीचे तुकडे पाडण्यापूर्वींच बारीक सुयांचा एक जुडगा प्रत्येक चिपेच्या नेमक्या ठिपक्यांवर टेकवितात, तींत वीज सोडतात आणि उलट काय उत्तर येतें तें पाहतात. हें मडकें वाजविणेंच होय. नापास चिपेवर पूर्वीं शाईचा ठिपका देत असत; आतां नापासांचा नकाशा संगणकांत राहतो. मग तबकडी कापून, चांगल्या चिपा वेचून, त्यांस केसाहून बारीक तारा जोडून काळ्या कवचांत बंद करितात, आणि पुन्हां परीक्षा घेतात. कारण घरून निघालेलें चांगलें मडकें वाटेंतही पिचूं शकतें. मोटारींत बसावयाच्या कित्येक चिपांस शून्याखालीं ४० अंशांच्या थंडीपासून १२५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेपर्यंत काम करून दाखवावें लागतें. कांहींस तासन्तास भट्टींत चालत्या ठेवितात; ज्या अल्पायुषी असतात त्या बहुधा आरंभींच मरतात, आणि त्यांनीं कारखान्यांतच मरावें, गिऱ्हाइकाच्या घरीं नव्हे, असा त्यांत हेतु असतो.

येथें शितावरून भाताची परीक्षा मात्र चालत नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. एका हंडींतला भात एका आंचेवर शिजतो, म्हणून एक शीत सर्वांची साक्ष देतें. तबकडीवर धुळीचा एक कण पडला तर एकच चिप बाद होते आणि तिची शेजारीण निर्दोष राहते. म्हणून प्रत्येकीस वेगळें वाजवावें लागतें. शिवाय निकाल केवळ पास वा नापास असाही नसतो. एकाच तबकडीवरील एक चिप वेगानें चालते, दुसरी संथ; त्यांची प्रतवारी लावून वेगवेगळ्या भावानें विकतात. आंबेवाला पेटी लावितांना दुसरें काय करितो?

इतकें त्या बाईंस पांच मिनिटांत समजेल. परंतु ह्यापुढें जें आहे, तेथें परीक्षकाचें काम टीसीच्या कामापासून वेगळें होतें, आणि वाङ्मयानें लक्ष द्यावें असें रहस्यही तेथेंच आहे. टीसीनें विचारावयाचा प्रश्न एकच असतो व तो ठरलेला असतो. चिपेस कोणता प्रश्न विचारावा, हें परीक्षकास शोधून काढावें लागतें. ३२ अंकस्थानांच्या दोन द्विमान संख्यांची बेरीज करणारें साधें मंडल घ्या. त्याच्या ६४ आगततारांवर जितके वेगवेगळे प्रश्न घालतां येतील, त्यांची संख्या सुमारें १८४ परार्ध होते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. दर सेकंदास एक अब्ज प्रश्न विचारले, तरी सर्व विचारून होण्यास ५८४ वर्षांहून अधिक काळ लागेल. एकनाथांच्या जन्मापूर्वीं आरंभिलेली परीक्षा कदाचित् आतांशीं कोठें संपली असती! आणि प्रत्यक्षांत परीक्षकाच्या हातीं प्रत्येक चिपेमागें कांहीं सेकंद असतात. कारण परीक्षेचें यंत्र कोटींच्या किंमतीचें, आणि त्याच्या प्रत्येक सेकंदाचा भाव चिपेच्या किंमतींत चढतो.

मग तो करितो काय? तो आधीं रोगाची कल्पना करितो. अमुक तार तुटली, तमुक जागा कायमची शून्यावर वा एकावर चिकटून राहिली, असें मानून तो असा प्रश्न रचतो कीं तो दोष आंत असेल तर उत्तरांत उघडा पडलाच पाहिजे. अशा थोड्या, निवडक प्रश्नांनीं हजारों संभाव्य दोषांस तो जाळ्यांत धरतो. जें अद्याप घडलेलें नाहीं त्याची कल्पना करणें, अदृश्य विकारास दृश्य चिन्ह देणें, ह्यास आमच्या साहित्यशास्त्रांत एक नांव आहे, आणि तें नांव कारकुनी हें नव्हे.

इतकें करूनही जाळ्यास छिद्रें राहतात. विल्यम्स आणि ब्राउन ह्यांनीं १९८१ सालीं ह्याचें एक सूत्र मांडलें. तबकडीवरील निम्म्या चिपा चांगल्या निघत असतील, आणि परीक्षा संभाव्य दोषांपैकीं शेंकडा ९९ पकडणारी असेल, तरीही उत्तीर्ण म्हणून बाहेर पडलेल्या दर हजारीं सुमारें ७ चिपा सदोष निघतात, असें तें सूत्र सांगतें. परीक्षा कडक करावी म्हणाल, तर मोजणारें यंत्रही सर्वथा निर्दोष नसतें. म्हणून मर्यादेची रेघ थोडी आंत ओढावी लागते, आणि ती जितकी आंत ओढावी तितक्या निरपराध चिपा नाहक बाद होतात. बाहेर ओढावी, तर सदोष चिप निसटून कोणाच्या तरी मोटारीच्या ब्रेकांत जाऊन बसते. एकीकडे कारखान्याचें नुकसान, दुसरीकडे अनोळखी मनुष्याचा जीव, आणि मध्यें ही केसाएवढी रेघ. माल आज रात्रीं गेलाच पाहिजे असें सांगणारा वरिष्ठ मागें उभा असतां ती रेघ कोठें ओढावी, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाहीं. ज्यास नाटकांत धर्मसंकट म्हणतात तें ह्याहून कांहीं निराळें असतें काय?

तरीही मराठी लेखकाची दृष्टि ह्या मनुष्यावर पडत नाहीं. त्याचें कारण आमच्या मतें असें आहे. आपण निर्मितीची पूजा करितों आणि परीक्षेस हलकी समजतों. घडविणारा तो प्रतिभावान्, आणि तपासणारा तो तपासनीस. आणि तपासनीस म्हटलें कीं डोळ्यांपुढें तिकिटाचा चिमटा व दंडाची पावती येते. सुवर्णकाराची कसोटी, बावनकशी सोनें, हीण, खोट हे शब्द आपल्या भाषेंत इतके खोल रुजले आहेत कीं मनुष्याच्या शीलाविषयीं बोलतांनाही तेच ओठांवर येतात. परंतु कस लावणाऱ्या मनुष्याची कथा कोणी सांगितलेली आमच्या वाचनांत नाहीं. दगडाचें नांव राहिलें. तो धरणारा हात विस्मृतींत गेला.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, हें सर्व रुक्ष आहे. ह्यांत रस कोठला? त्यास उत्तर एवढेंच कीं, कोणतेंही काम लांबून पाहणाऱ्यास रुक्षच वाटतें. गिरणींतील मागही सुर्व्यांच्या पूर्वीं कित्येकांस केवळ गोंगाट वाटत होता. दुसरा आक्षेप परिभाषेचा: वेफर, यील्ड, प्रोब, लॉट असल्या शब्दांनीं मराठीचें काय होणार? विश्वकोशांतला ‘अर्धसंवाहक’ हा शब्द सुंदर आहे. त्याचा आदर ठेवूनही आम्ही म्हणतों कीं कामकरी लोक जे शब्द बोलतात ते तसेच येऊं द्यावे. स्टेशन, पोस्ट व पगार पचविणारी भाषा वेफरानें आजारी पडणार नाहीं. भाषा परक्या शब्दांनीं मरत नाहीं. सांगण्यासारखी गोष्ट तिच्यांत सांगितली न गेल्यानें ती ओसरत जाते.

परंतु ह्या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती आमच्यासारख्या टीकाकारांकडे बोट दाखविते. ह्या मासिकाच्या पानांवर नव्या ग्रंथांविषयीं जें लिहिलें जातें, त्यासही आपण परीक्षणच म्हणतों. शब्द एकच असल्यामुळें तुलना टाळतां येत नाहीं; आणि ती केली असतां मराठी ग्रंथपरीक्षणाची स्थिति शोचनीय दिसते. कारखान्यांतील परीक्षक प्रश्न आधीं लिहून काढतो व चिप मागून हातीं घेतो. आपला ग्रंथपरीक्षक लेखकाचें नांव आधीं पाहतो व प्रश्न मागून बेततो. तेथें निसटलेली खोट आणि नाहक बळी ह्या दोन्ही चुकांचा हिशेब ठेवितात. येथें स्नेह्यांच्या पुस्तकांचीं हीणें बावनकशी म्हणून बाजारांत जातात, आणि आडगांवच्या अपरिचित लेखकाचें निर्दोष पुस्तक न वाजवितांच ढिगांत पडतें. आणि ह्याचा हिशेब कोणापाशींच नसतो. शितावरून भाताची परीक्षा करण्याची खोड तर इतकी जडली आहे कीं प्रस्तावना व मलपृष्ठ वाचून कादंबरीचा निकाल लावितात.

तथापि तुलना ताणूं नये. चिपेचें मोजमाप तिच्या जन्मापूर्वीं ठरलेलें असतें. खऱ्या ग्रंथाचें मोजमाप तो स्वतःबरोबर घेऊन येतो, आणि टीकाकारास तें त्याच्यांतूनच शोधावें लागतें. ठरलेल्या मापाची मर्यादा कोठें असते, हें यंत्रविद्येच्या इतिहासांतही दिसून आलें आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत थॉमस नाइसली नांवाचे गणिताचे एक प्राध्यापक जोडमूळ संख्यांविषयींचें गणित करीत असतां त्यांस आढळलें कीं, इंटेलची पेंटियम चिप कांहीं भागाकार चुकवीत आहे. तिच्या आंतील एका कोष्टकांत पांच नोंदी राहून गेल्या होत्या. त्या चिपा कारखान्याच्या परीक्षेंत उत्तीर्णच झालेल्या होत्या. कारण त्या आपल्या आराखड्याशीं तंतोतंत जुळत होत्या, आणि चूक आराखड्यांतच होती. कंपनीस त्यापायीं ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांची तरतूद करावी लागली. आराखड्याबरहुकूम असणें म्हणजे सत्य असणें नव्हे, हा ह्यांतील बोध ठरीव सांच्याच्या कथांस शाबासकी देणाऱ्या टीकाकारांनीं जरूर घ्यावा. आणि ती चूक सांपडली ती कोणास? ज्यानें आलेलें उत्तर केवळ यंत्राचें म्हणून खरें मानण्याचें नाकारलें, अशा एका एकट्या वाचकास.

तेव्हां आमची अपेक्षा काय, तें थोडक्यांत सांगतों. ह्या उद्योगाचा गौरवग्रंथ आम्हांस नको. त्याच्या वाटाघाटींचे आंकडेही पुरे झाले. जीं मुलें आज कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाड्यांतून परीक्षकाच्या कामावर जात आहेत, त्यांच्यापैकीं एखाद्यानें किंवा एखादीनें आपलें काम मराठींत, घरच्या शब्दांत लिहावें. रात्रपाळीचा तो थंड, निर्धूळ दालनांतला प्रकाश, अडवून ठेवलेला माल, रेघ कोठें ओढावी ह्याविषयींचा वाद, आणि सकाळच्या गाडींत डोळे मिटतांना मनांत राहिलेली शंका, हें सर्व लिहावें. लेखनाचें कौशल्य थोडें उणें असलें तरी चालेल. तें पुस्तक येईल तेव्हां आम्ही टीकाकारांनीं तें हातीं घेऊन, नांव न पाहतां, नीट वाजवून पाहावें. खोट असेल तर ती खोट आहे म्हणून सांगावें. आणि नसेल, तर तेंही तितक्याच स्पष्टपणें सांगावें. परीक्षकाचें ऋण फेडण्याचा ह्याहून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.